पश्चिमेचा वारा आणि हट्टावाली

बालाघाटच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय याची नोंद शेवंताबाईंच्या डोक्यात पक्की असे. स्वतःच्या घरची तर त्याहून पक्की. सुनेनं कंपनीसाठी लिहिलेलं पान पुण्याहून दोनदा परत आलं होतं. तिसऱ्यांदा आलं तर तिला सहा महिने तिथल्या ऑफिसात जाऊन बसावं लागणार होतं. सून म्हणजे समीक्षा, गोंदियाची. तिच्यावाचून करमणार नाही असं शेवंताबाई चुकूनही बोलल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणत, "गेली त माह्या मोबाईलचं रिचार्ज कोन करन?"

समीक्षा घरी बसून एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिही. तलावातलं, नदीतलं पाणी कसं हलेल ते हे सॉफ्टवेअर गणितानं सांगतं. तिच्या वाट्याचं पान होतं वारा पाण्याला किती रेटतो त्या सूत्राचं. कंपनीची रीत कडक: नव्या माणसानं फक्त ते पान वाचून सॉफ्टवेअरवर नमुन्याचा तलाव चालवून पाहायचा. उत्तर चुकलं तर दोष वाचणाऱ्याचा नाही, लिहिणारीचा.

पहिल्या खेपेला वारा किती उंचीवर मोजलेला हवा, तेच लिहायचं राहिलं होतं. दहा मीटर, तिनं घातलं. दुसऱ्या खेपेला अश्विन नावाच्या नव्या इंजिनिअरनं अक्षर न् अक्षर पाळलं, तरी त्याच्या तलावाचं पाणी पूर्वेऐवजी पश्चिमेच्या काठाला चढलं.

"काहून चढलं?" शेवंताबाईंनी वांगी चिरता चिरता विचारलं.

समीक्षानं वैतागून सांगितलं. तिनं वाऱ्याची दिशा पश्चिम लिहिली होती, म्हणजे पश्चिमेकडून येणारा. यात आणखी सांगायचं काय? पण आधीच्याच पानावर प्रवाहाची दिशा दिलेली, आणि प्रवाहाची दिशा पश्चिम म्हटली की तो पश्चिमेकडे जाणारा. अश्विननं वाराही तसाच धरला.

शेवंताबाईंनी विळी बाजूला सारली.

"मले या गल्लीत चाळीस साल झाले. अजून सारे हट्टावालीच म्हनतेत. काहून? हट्ट्याले जाऊन राह्यली म्हनून?"

"नाही आई, तिथून आल्या म्हनून."

"अन उकव्याची बस?"

"थे उकव्याले जाते."

"मंग तुहा वारा सून हाय, अन पानी बस. लिव ना तसं. सांगतल्याबिगर त्या पोट्ट्याले कसं समजन?"

समीक्षा आधी हसली, मग हसायची थांबली आणि लॅपटॉप ओढून बसली. वर शहाण्यासारखं लिहिलं: वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती, प्रवाहाची म्हणजे तो जिकडे जातो ती. त्याखाली उदाहरणादाखल सून आणि बस.

चौथ्या दिवशी पुण्याहून साहेबांचा, विवेक सरांचा फोन आला. या खेपेला अश्विनच्या तलावाचं पाणी पूर्वेच्या काठाला, हवं तेवढंच चढलं होतं. सरांना सुनेची ओळ काढायची होती. अश्विन म्हणाला, मला तर तिच्यामुळंच कळलं. ओळ राहिली, आणि समीक्षाचं जाणंही राहिलं.

संध्याकाळी शेजारच्या कमलाबाईंनी नळावर मुद्दाम खडा टाकला, "काय व, तुही गोंदियावाली पुन्याले जाऊन राह्यली म्हने?"

शेवंताबाईंनी घागर सावकाश काखेत घेतली.

"थे का बस हाय जायाले? आली थे आली."