मुक्कामाला बोलणारा

त्यानं वाटाड्याला तिसऱ्यांदा एकट्यालाच राक्षसापुढे धाडलं आणि खुर्चीत रेलून मजा बघत बसला. वाटाड्या निमूट गेला. सांगाल तिकडे जायचं, एवढं एक त्या माणसाला छान जमत होतं. राक्षसानं दोनदा गदा घातली, पडद्याच्या तळाशी लाल अक्षरांत 'वाटाड्या मेला' असं उमटलं आणि खुर्चीतल्या त्या मोटर वाइंडरला त्या आठवड्यात पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

पण मेलेला माणूस मेलेलाच राहील तर तो खेळ कसला? साठवलेला डाव पुन्हा उघडला की वाटाड्या आपला धडधाकट उभा, दाढीवरून हात फिरवत, 'चला' म्हणायला तयार.

कॉम्प्युटरवरचा हा खेळ पंचवीस वर्षं जुना होता. तलवारी, जादूगार, भुयारं आणि वरून दिसणारी बोटाएवढी माणसं. बनवणाऱ्यांनी त्यातून केव्हाच अंग काढून घेतलं होतं, पण ज्यांचा जीव त्यात अडकला होता त्यांनी तो सोडला नव्हता. ही मंडळी आपापल्या मनासारखे नवे सोबती तयार करायची. चेहरा काढायचा, स्वभाव ठरवायचा, तोंडी घालायचं बोलणं ओळ न् ओळ लिहायचं आणि तो सोबती खेळात सोडून द्यायचा, म्हणजे कुणीही त्याला बरोबर घेऊन हिंडावं. वाइंडरची बायको गेले आठ महिने वाटाड्या घडवत होती.

घडवत कसली, नांदतच होती त्याच्याबरोबर, असं वाइंडरचं मत. सकाळी रुग्णालयात लोकांचे कान तपासायचे आणि घरी आली की हा दाढीवाला. जेवताना मध्येच घास थांबवून ती म्हणायची, "वाटाड्याला उंचावर भीती वाटते असं केलं तर?" नवऱ्याला कशाची भीती वाटते, हे तिनं वीस वर्षांत कधी विचारलं होतं? त्याच्या पोटात दुखायला लागायचं. वर ते घुबड. घुबड म्हणजे त्या मंडळींपैकीच या टोपणनावाचं कुणीतरी, तिनं लिहिलेली प्रत्येक ओळ तपासून द्यायचं. घुबड म्हणतं हे काढ, घुबड म्हणतं ते ठेव. घुबडाचा निरोप आला की ती फोनकडे बघून हसायची, आणि ते हसू जेवणाच्या टेबलावरून थेट वाइंडरच्या डोळ्यांत जाऊन खुपायचं. इतकं हसण्यासारखं लिहिणारा हा गडी आहे तरी कोण?

शेवटी त्यानं ठरवलं की या वाटाड्याला एकदा समोरासमोर बघायचं. जळालेल्या मोटरींच्या कॉइल नव्यानं भरायचं त्याचं दुकान घराखालीच होतं. गेले चार दिवस तो दुपारी शटर अर्धं ओढून वर येत होता आणि वार्निशनं चिकट झालेल्या बोटांनी बायकोच्या कॉम्प्युटरवर तलवारी चालवत होता. वाटाड्या तिला काय काय बोलतो, हे त्याला ऐकायचं होतं. आणि चार दिवसांत वाटाड्यानं 'चला' आणि 'इकडून' याखेरीज चकार शब्द काढला नव्हता. ही अशी थेरं करण्यात तिनं आठ महिने घालवले म्हणायचे! त्याला हसू आलं, आणि दार उघडल्याचा आवाज त्याच्या कानावर आलाच नाही.

"माझ्या खुर्चीत काय करतोयस?"

तो ताडकन उठणार होता, पण उठून तरी काय करायचं होतं?

"तुझा माणूस मुका आहे," तो म्हणाला. म्हणताना आवाजात आनंद लपेना.

ती चिडली नाही. पिशवी ओट्यावर ठेवून तिनं पडद्याकडे पाहिलं. आपण त्या बिचाऱ्याला तीनदा मारलं हे हिला दिसत तर नसेल ना, असं त्याला वाटून गेलं.

"मुक्काम केलास?"

"मुक्काम कशाला? चालतायत की भराभर."

"तो चालताना बोलत नाही. मुक्काम पडला, शेकोटी पेटली की बोलतो. तसंच ठरवलंय मी." तिनं मटारच्या शेंगांची पिशवी सोडली. "खालचं तंबूचं चित्र दाब."

तिच्यासमोर मागे हटायचं म्हणजे लाज जायची. त्यानं तंबू दाबला. पडदा काळोखला, शेकोटी पेटली आणि वाटाड्या खरंच बोलायला लागला. नदीकाठच्या कुठल्याशा गावाची हकीकत होती, चांगली लांबलचक. खाली तीन उत्तरं होती, खेळणाऱ्यानं त्यांतलं एक निवडायचं. त्यानं हकीकत अर्धीच वाचली आणि सगळ्यात वरचं उत्तर दाबलं. 'हं.'

पुन्हा चाल, पुन्हा मुक्काम. वाटाड्यानं या वेळी एका बहिऱ्या पोरीची गोष्ट काढली. ढग गडगडले की ती जमिनीवर तळहात ठेवून हसायची. गोष्ट बरी होती, त्यामुळे त्याला जास्तच राग आला. असलं बोलणं हिला सुचतं कुठून? की घुबडाकडून येतं? त्यानं पुन्हा वरचंच उत्तर दाबलं.

"किती वेळा बोलतो हा?"

"ते तू काय उत्तर देतोस त्यावर आहे," ती शेंग सोलत म्हणाली. "तीनदा तसंच उत्तर मिळालं तर मग तो जातो."

"जाऊ दे की."

तिनं पुढची शेंग उचलली. तिसरा मुक्काम पडला.

'पलीकडच्या खोऱ्यातून मला बोलावणं आलंय,' वाटाड्या म्हणत होता. 'काम मोठं आहे. माझ्याजोगतं आहे. पण मग तुझ्याबरोबर रोज चालणं व्हायचं नाही. पौर्णिमेच्या आत कळवायचंय. तू सांग, काय करू?'

वाइंडरनं बाण वरच्या उत्तरावर नेला आणि सवयीनं नाही, निव्वळ खोडी काढायची म्हणून उरलेली दोन उत्तरंही वाचली.

१. हं.
२. नंतर बघू.
३. थांब, मोजतोय.

त्यानं तिसरं पुन्हा वाचलं. अंगात चिलखत, हातात तलवार, समोर शेकोटी. हा गडी मोजतोय काय?

"हे इथे काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "मोजतोय म्हणजे काय मोजतोय?"

"घुबडाचंही तेच म्हणणं. म्हणाल्या, तलवारवाला कसले आकडे मोजतो, हे काढ."

"म्हणाल्या?"

"मग काय म्हणणार?"

"घुबड बाई आहे?"

"सत्तरीच्या आहेत. गुडघे बदललेत, पडून असतात, म्हणून माझ्या ओळी वाचतात." ती हसली. "तुला काय वाटलं होतं?"

काय वाटलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. आठ महिने ज्याच्या नावानं बोटं मोडली, ते घुबड म्हणजे गुडघेदुखीची आजी निघाली. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याची नजर परत तिसऱ्या उत्तरावर गेली आणि तिथेच अडकली.

कॉइल भरताना तारेचे वेढे मोजावे लागतात. मध्येच तोंड उघडलं की आकडा जातो, आणि आकडा गेला की सगळी कॉइल उलगडून नव्यानं भरायची. म्हणून दुकानाच्या पायरीवर ती येऊन उभी राहिली की तो वर न बघता 'थांब, मोजतोय' एवढंच बोलायचा. दिवसातून किती वेळा, ते मात्र त्यानं कधी मोजलं नव्हतं.

वाटाड्यात आपण कुठेतरी असू, अशी एक चोरटी आशा त्याला होती. चार दिवस त्यानं तेच तर शोधलं होतं. दाढी आपली नाही, हसणं आपलं नाही, उंचावरची भीती आपली नाही, म्हणून तर एवढा जळफळाट. आणि तो सापडला कुठे, तर उत्तरांत. तिन्हीच्या तिन्ही त्याची होती. मग शेकोटीपाशी बसून नदीची, पोरीची गोष्ट सांगणारं कोण, हे कुणी वेगळं सांगायची गरज राहिली नाही. मत्सर करायला आता कुणीच शिल्लक नव्हतं, आणि त्याला भयंकर एकटं वाटलं.

"अगं," तो म्हणाला, "तुला कुठून बोलावणं आलंय का?"

ताटलीत पडणारे दाणे थांबले.

"मोठ्या रुग्णालयातून. पाच तासांवर आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळांसाठी वेगळा विभाग काढतायत, तो मी बघायचा."

"मला बोलली नाहीस."

"बोलले. खाली येऊन बोलले. दोनदा."

"मी काय म्हणालो?"

तिनं हनुवटीनं पडद्याकडे खूण केली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"कधीपर्यंत कळवायचंय?"

"उद्या."

त्यानं माउस हातात घेतला. ती तिन्ही उत्तरं त्यानं वर सरकवली, खाली सरकवली. यादी जिथे संपत होती तिथेच संपत होती. वाटाड्या शेकोटीपाशी तसाच वाट बघत बसलेला होता.

"चौथं उत्तर दिसत नाही इथे," तो म्हणाला. "तू लिहिलं नाहीस?"

"ते मी कसं लिहिणार?" ती म्हणाली.