व्याह्याची पिकअप

अमळनेरच्या आसपास कोणाला जुनी पिकअप घ्यायची झाली की लोक आधी माझ्या नवऱ्याला सोबत घेतात, मग पैसे. नाव लोटन, पण सगळा गाव त्यांना नाना म्हणतो. म्हणून मीही इथे नानाच म्हणते. मनात काय म्हणते ते मनात राहू द्या.

गाडी बघायची नानांची रीत ठरलेली. विकणाऱ्याला न कळवता सकाळी लवकर त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. रामराम झाला की पहिला हात बोनेटवर. बोनेट गरम लागलं तर तिथूनच माघारी. कारण डिझेल गाडीचं दुखणं थंड असतानाच कळतं, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी जो गाडी तापवून ठेवतो त्याला काहीतरी झाकायचं असतं. बोनेट थंड असलं तर मग पुढचं. एका सेल्फमध्ये लागते का, धूर कसा सोडते, चालू इंजिनावर तेलाचं झाकण उघडलं तर आतून भकाभका धूर येतो का. आला तर इंजिन झिजलेलं. शेवटी खाली गोणपाट टाकून नाना गाडीखाली निजणार आणि चेसिसला कुठे जोड दिलाय का ते बोटांनी चाचपणार. पहूरच्या एका माणसाला तर यांनी भर बैठकीत सांगितलं होतं, "रंग झकास शे भाऊ, पन खाले गाडीच नही शे." तो माणूस अजून आम्हाला बघून तोंड फिरवतो. नानांना त्याचं काही नाही. परक्याचं तोंड फिरलं तर यांना कधीच काही वाटत नाही.

आमची स्वतःची पिकअप म्हातारी झाली आणि पासिंग मिळेना, तेव्हा आमच्यावर गाडी शोधायची वेळ आली. आजूबाजूच्या शेतांतली भेंडी, मिरची, वांगी भरायची आणि लिलावाच्या आत धुळ्याच्या मार्केटला पोचवायची, हा नानांचा धंदा. त्यात गाडी उभी राहून चालत नाही. लिलाव कोणासाठी थांबत नाही आणि भेंडी तर लिलावासाठीही थांबत नाही. गाडी गेली की धंदा गेला, आणि धंदा गेला की दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. ते नानांनी तरुणपणी भोगलं होतं. धुळ्याचा एक शेठ यांना नावाने सुद्धा हाक मारायचा नाही, "ए अमळनेर" म्हणायचा. स्वतःची गाडी दारात आली त्या दिवशी नाना मला म्हणाले होते, "आते मरेपर्यंत दुसरानी गाडी नको." मी त्यांना फारसं काही मागितलेलं नाही आयुष्यात, पण हे त्यांचं मागणं मला माझंच वाटायचं.

धुळ्याला एक पिकअप मिळाली. आम्ही दोघं गेलो. बोनेट थंडगार. चावी फिरवली तशी लागली. नाना खाली निजले ते बराच वेळ बाहेरच येईनात. आले ते कपाळाला ग्रीस लावून आणि हसत. "कोकिळा, हाईच," म्हणाले. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा सुद्धा हा माणूस इतका हसला नव्हता. दुसऱ्या दिवशी बयाणा द्यायचं ठरलं.

त्याच संध्याकाळी भडगावहून फोन आला. आमचे व्याही, देवचंदआबा. आमची एकुलती एक दिपमाला त्यांच्या थोरल्याला दिलेली. खताचं मोठं दुकान, बोलणं गोड. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"याही, तुम्ही गाडी दखी ऱ्हायनात म्हने. मनी पिकअप देवानी शे. घरनी गाडी घरमा ऱ्हाई."

झालं. धुळ्याच्या गाडीचं नावसुद्धा नानांच्या तोंडून निघालं नाही. "हां हां, येतस ना," म्हणाले आणि फोन ठेवला. मी म्हटलं, धुळ्याची ठरलीय म्हणून सांगायला काय जीभ झडली होती का? तर म्हणाले, व्याह्यांनी तोंडाने विचारलं, नाही कसं म्हणायचं, पोर त्यांच्या घरात आहे. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. इथे तर जावयाचा बाप डॉक्टर होता.

भडगावला गेलो. दुकानासमोर पिकअप धुऊनपुसून उभी. लिंबू-मिरची ताजी, आरसा चकाचक. आबा हसत पुढे आले. नानांनी रामराम केला आणि सवयीने त्यांचा हात बोनेटवर गेला. मी बघत होते. हात टेकला, जरा थांबला, आणि चटका बसल्यासारखा मागे आला. मग त्याच हाताने त्यांनी शर्टाची बटणं नीट केली. त्यांना कळलं होतं. हे मी आजही शपथेवर सांगेन, या माणसाला तिथेच सगळं कळलं होतं.

मी आत गेले. दिपमाला चहा गाळत होती. माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "आई, नानांना सांग. आबांनी सकाळपासून गाडी चालू ठेवली होती. थंड असली की लागतच नाही ती. हे आणि दीर रोज धक्का मारतात." चहा बशीत सांडला. सासऱ्याच्या घरात राहून सासऱ्याविरुद्ध बोलायला काळीज लागतं. माझ्या पोरीकडे ते होतं.

मी बाहेर आले आणि नानांना कडुनिंबाखाली बाजूला घेतलं.

"बोनेट गरम शे ना?"

"शे."

"मंग उघाडा ना!"

"याहीनी गाडी शे, कोकिळा. पोरना सासरासमोर बोनेट उघाडू? लोके काय म्हनतीन? पोर दिधी आनि गाडीना इस्वास नही?"

आमच्याकडे हे असंच आहे. पोरीच्या सासरचं काही तपासायचं नाही. दिलेलं घ्यायचं, सांगितलेलं ऐकायचं आणि वर हसायचं. मुलीचा बाप म्हणजे जन्मभर वाकलेला. आबांना हे चांगलंच ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी चारचौघांत मोठ्याने विचारलं, "याही, उघाडू का बोनेट? दखी ल्या ना."

"घरनी गाडी, तिले काय दखनं?" नाना म्हणाले.

भावही आबांनी सांगितला तोच. दिपमाला दारात उभी होती. तिने बापाकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

पुढचं सांगायला मजा नाही. थंड पडली की गाडी हूं की चूं करत नसे. रोज पहाटे मी, या वयाची बाई, लुगडं खोचून पिकअपला धक्का मारायची आणि शेजारणी ओट्यावर उभ्या राहून बघायच्या. नथ्थू फिटरने झाकण उघडलं तर धुराने त्याचं तोंड काळं झालं. तो म्हणाला, "नाना, तुम्ही घेतली ही? तुम्ही?" आणि मग हसू आवरायला पाठमोरा झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

इंजिन पहिल्यांदा धुळ्याच्या वाटेवर, फागणे गावाच्या अलीकडे बसलं. वर भेंडी आणि मिरची, ऊन चढलेलं. दुसरी गाडी मिळून मार्केटला पोचेपर्यंत लिलाव आटोपला होता. शेतकरी काही बोलले नाहीत, नानांची अब्रू होती. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हाही बोलले नाहीत, फक्त त्यांनी माल दुसऱ्या गाडीवाल्याच्या, तोतारामच्या गाडीत भरायला सुरुवात केली. त्यांचं तरी काय चुकलं? मग एक दिवस इंजिन जाम झालं ते झालंच. पिकअप दारात उभी राहिली. मी तिच्या हौद्यात गोवऱ्या वाळत घातल्या.

"व्याह्यांना सांगा," मी रोज म्हणायची. "काय सांगू? त्यांनी बोनेट उघडू का म्हणून विचारलं होतं," हे रोजचं उत्तर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फरक एवढाच की तोंडही यांनीच दाबलेलं.

आणि मग पुन्हा आबांचा फोन. त्यांना दुसरी गाडी घ्यायची होती. जुनीच, पण भरवशाची. "याही, तुमनासारखी पारख कोनले शे?"

मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. नानांनी स्वच्छ सदरा घातला, गोणपाट पिशवीत घातलं आणि एसटीने गेले. संध्याकाळी आले तेव्हा कपाळाला ग्रीस होतं. मी विचारलं, कुठली दाखवली? नाना पाय धुवत होते. म्हणाले, "धुळानी. आपली दखेल."

आम्ही सोडलेली ती गाडी अजून तिथेच उभी होती आणि या माणसाने आपल्या हाताने ती आबांना काढून दिली. मी ताट आपटलं. म्हटलं, खोटं सांगता आलं नाही? दुसरी एखादी खटारा गळ्यात मारता आली नाही? नाना माझ्याकडे वेड्यासारखं बघत राहिले. गाडीबद्दल खोटं बोलायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि आलं असतं तर गाडी बिघडल्यावर बोलणी कोणी खाल्ली असती, असं विचारलं त्यांनी. पोरीनेच ना? त्यांचं खरं होतं आणि म्हणून मला जास्तच राग आला.

आबांना गाडी मिळाली, पण ड्रायव्हर टिकेना. ते पगार वेळेवर देत नसत. मग त्यांना पुन्हा घरचा माणूस आठवला. "याही, तुम्ही घरीच बसेल शेत. गाडी आपलीच शे." नाना गेले. मी दारात आडवी उभी राहिले तर म्हणाले, लोकांच्या गाडीवर थोडाच चाललोय, घरचीच गाडी आहे. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे. झोपायचे दुकानाच्या गोदामात, खताच्या गोण्यांशेजारी. लेकीच्या घरचं पाणी सुद्धा न पिणारा माणूस तिच्या ओट्यावर बसून जेवायचा. आतल्या पंगतीला नाही, ओट्यावर. दिपमाला वाढायची. ती फोनवर मला याबद्दल कधी काही बोलली नाही.

यंदा माघात आबांच्या धाकट्याला, युवराजला बघायला जळगावची माणसं यायची होती. मोठं घर, शिकलेली मुलगी. कुंदाबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, पुरणपोळ्यांना हात हवा म्हणून मला बोलावलं. मी गेले, कारण लेकीचं तोंड दिसेल.

पाहुणे आले. दोन मोटारी. अंगणात आमची, म्हणजे आबांची पिकअप उभी होती आणि नाना तिची काच पुसत होते. मुलीचे काका मोटारीतून उतरले आणि सरळ म्हणाले, "ए ड्रायव्हर, ही जरा बाजूला घे रे. आमची गाडी आत येऊ दे."

नानांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि दाराकडे हात नेला.

तेवढ्यात ओट्यावरून दिपमालाचा आवाज आला. हातात पाण्याचा तांब्या, डोक्यावर पदर. "ते ड्रायव्हर नाहीत. माझे वडील आहेत."

 कुंदाबाईंचा हात पदराला गेला. काका ओशाळले, "अरे अरे, माफ करा," म्हणत पुढे झाले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि पहिल्यांदा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, माझी छाती भरून आली. बोल, मी मनात म्हटलं. काही बोलू नको हवं तर, नुसता उभा राहा.

देवचंदआबा हसले. त्यांचं हसणं फार तयारीचं. "आमचे व्याहीच आहेत हो. पण गाडीची हौस बघा! घरी बसून करमत नाही त्यांना. आम्ही किती सांगतो, ऐकत नाहीत. विचारा त्यांनाच."

सगळे नानांकडे वळले. दिपमालाही. तांब्या तिने छातीशी धरला होता.

नाना हसले. दोन्ही हात जोडले. "हो," म्हणाले, "करमत नाही घरी. हौसच आहे."

सगळे हसले. काका म्हणाले, व्याही-व्याही असे असावेत, घर चांगलं दिसतंय. आणि नाना पिकअपमध्ये चढले, एका सेल्फमध्ये गाडी लावली आणि जळगावच्या मोटारीसाठी जागा करून दिली.

दिपमाला आत आली. तांब्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. बाहेरून कुंदाबाई "सूनबाई!" म्हणून हाक मारत होत्या आणि त्या हाकेत पाहुणे गेल्यावरची सगळी रात्र ऐकू येत होती. दिपमाला माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "मी कोणासाठी बोलले गं?"

मी पोळी लाटत राहिले. पोळी फाटली, पुरण पोळपाटाला लागलं. मला आबांचा राग यायला हवा होता, पण तो आला नाही. ते तसेच होते, पहिल्या दिवसापासून. अंगणात पुन्हा काच पुसत उभा असलेला माझा नवरा मला त्या खिडकीतून बघवेना. मी खिडकी लावून घेतली.