आवडाभोवतीची रेघ

"नांगर बंद करा सूनबाई, माझं काय जातंय. पर मधल्या त्या जागंभोवती तेवढी रेघ दरसाल वढत जावा," असं बानाबाई मला म्हणाली होती. मी हसून सोडून दिलं. धनगरांची बानाबाई दरवर्षी खतासाठी आमच्या रानात मेंढ्या बसवायची. तिला नांगरलेलं रान बरं पडत असेल, एवढंच मला वाटलं.

आमचं रान खुलताबादच्या वर, म्हैसमाळच्या रस्त्याला. थंडीत तिथं सकाळी बोटं वळत नाहीत. मी शेतकीची पदवीधर, त्यामुळे नांगरट थांबवायचं खूळ माझंच. मका कापून घेतला, धसकटं मुळांसकट जमिनीत ठेवली आणि न नांगरताच त्यांच्या मधे बरसीम या चाऱ्याच्या घासाचं बी फेकलं. माती झाकलेली राहिली की कडाक्याच्या थंडीतही तिची ऊब टिकते, ती वाहून जात नाही, मुळं कुजून तिलाच खत मिळतं. सासऱ्यांना, म्हणजे आप्पासाहेबांना, मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग आवडाचं कसं?"

आवडा त्यांची थोरली लेक. अगदी लहान असताना तापानं गेली. एवढ्या लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून तिला रानाच्या मधोमध पुरलं. तेव्हापासून आप्पा नांगर तिच्याभोवतीनं वळवून घ्यायचे, आधी बैलांचा, मग ट्रॅक्टरचा. दरसाल एक ताजी गोल रेघ आणि आत गवताचं बेट. मी म्हटलं, आप्पा, आता रेघ कशाला, आता सगळं रान तिचंच. आपण किती छान बोललो, असंही मला तेव्हा वाटलं.

मार्गशीर्षात पीक बघायला मी शहरातल्या पुंडलिकनगरहून आखाड्यावर, म्हणजे आप्पांच्या रानातल्या घरी, राहायला आले. बरोबर माझी तीन वर्षांची गोदा. तिचे बाबा कंपनीच्या सुट्टीला, रविवारी यायचे. बरसीम घोट्याच्या वर आलं होतं आणि ते बेट त्यात कुठं मिसळलं, कळतही नव्हतं.

एका सकाळी दार उघडलं तर सगळं रान दवानं पांढरं झालेलं, आणि त्यातून एक हिरवी वाट, दव झडलेली. कुत्रं गेलं असेल म्हणून मी बांधापर्यंत जाऊन पाहिलं. वाट बांधावरून येतच नव्हती. रानाच्या मधूनच सुरू होत होती आणि आमच्या उंबऱ्याशी संपत होती. परत गेल्याची खूण नव्हती.

आत आले तर गोदा अंथरुणात बसून आपले तळहात बघत होती. म्हणाली, "आई, आवडाचे हात किती गरम आहेत."

हे नाव मी तिच्यासमोर कधी घेतलं नव्हतं. आप्पांनाही विचारलं. ते म्हणाले, गोदीसमोर हे नाव कुणी कधी काढलंच नाही.

तासाभरात गोदा तापली. खुलताबादच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्तही तपासून आणलं, काही निघालं नाही. उन्हानं दव वाळलं की ताप उतरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट आणि पुन्हा ताप. असं रोजच व्हायला लागलं. पोर काट्यासारखी झाली.

मग मी मातीत खुपसायचा तापमापक घेऊन त्या वाटेनं उलटी चालत गेले. इतर ठिकाणी माती गारच होती. वाट जिथं सुरू होत होती तिथं मात्र काटा चढतच गेला. आच्छादनाखाली ऊब असते, मीच तर शिकवत होते सगळ्यांना. पण गोदाच्या काखेत पारा जिथं थांबायचा, काटाही बरोब्बर तिथंच थांबला. मी तापमापक तसाच आप्पांपुढं धरला.

आप्पा दचकले नाहीत. "ती रेघ तिची वेस व्हती," म्हणाले. "वेसंच्या आत ऱ्हायाची बिचारी. आपुनच मोडली."

त्यांनी टिकाव घेतला आणि त्या जागेभोवती हातानं रेघ खणायला घेतली. मी गोदाला खांद्यावर घेऊन बांधावर उभी. ती निखाऱ्यासारखी तापलेली. रेघ पुरी होत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आप्पा आतल्या बाजूनं खणत होते. शेवटचं ढेकूळ निघालं आणि ते आतच खाली बसले.

मी म्हटलं, आप्पा, बाहेर या.

"एकटी ऱ्हायाला कट्टाळली म्हणून तर आली ती," ते म्हणाले. "आता म्या हाय. गोदीला घीऊन जा तू, आन मागं फिरून हाक मारू नको."

एसटी येईपर्यंत गोदाचं कपाळ घामानं ओलं झालं होतं. ताप उतरला तो उतरलाच.

आता महिना होत आला. हे रविवारी जाऊन येतात. सांगतात, आप्पा बरे आहेत, रेघ रोज ताजी करतात, भाकरी खातात, फक्त अंग जरा कोमट लागतं. पण हे पोचतात दुपारी, दव वाळल्यावर. विचारावं तर बानाबाईही मेंढ्या घेऊन पैठणकडे उतरलीय. मी गोदाला तिथं नेऊ शकत नाही आणि हिला सोडून जायचा धीरही होत नाही. काल खेळता खेळता तिनं विचारलं, आजोबा आता छोटे झाले का?

तुमच्यापैकी कुणी सकाळी म्हैसमाळला जाणार असेल, तर उन्हं वर यायच्या आत आमच्या बांधाशी थांबा. हिरवं रान आणि मधे काळ्या मातीचं कडं, चटकन ओळखू येईल. रानात उतरू नका. बरोबर लेकरू असेल तर त्याला गाडीतच ठेवा. आखाड्यातून चुलीचा धूर निघतोय का बघा. दवात वाट आहे का, तीही बघा. मग बांधावरूनच आप्पासाहेबांना हाक मारा. ते ओ देतात, खणखणीत. ती ओ एकाच गळ्यातून आली का, तेवढं मला कळवा.