भारतीचं ‘बरोबर’

भारती खोटं बोलते आहे, असा संशय मला आला तो तिच्या ‘बरोबर’वरून. माणूस रोज, प्रत्येक वेळी बरोबर असतो कधी? निदान मी तरी नसतो, आणि हे तिनेच मला लग्नापासून ऐकवलं आहे.

इतवारीतल्या कापडाच्या ठोक दुकानात मी माल पारखायचो. तांडापेठेत बापाचा माग होता, त्यामुळे कापड डोळ्यांनी बघायच्या आधी बोटांत धरायची सवय. आलेला तागा अंगठा आणि पुढच्या दोन बोटांत चोळला की सुतात काय भेसळ आहे ते सांगायचो. तेवढ्यावर सेठ आख्खी गाडी परत पाठवायचा. उन्हाळ्यात दुकानाच्या काचेच्या दारावर तोल जाऊन पडलो. उजवं मनगट चिरलं, आतली नस तुटली. डॉक्टरांनी ती सांधली, पण नेमकी तीच तीन बोटं मेली. हलायची, पण त्यांना कळायचं काही नाही. गरम चहाच्या कपाने बोट भाजलं, तेही मला फोड आल्यावर दिसलं.

नस मुंगीच्या पावलांनी वाढते, असं डॉक्टर म्हणाले. मुंगी निदान दिसते तरी! बोटं परत आली तर मी दुकानाच्या गादीवर, नाहीतर बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर. जीव एवढ्यावर टांगला होता. सेठचा मुलगा अपूर्व फोनवर म्हणायचा, “काका, आराम करा, काही घाई नाही.” घाई नाही म्हणणारा सेठ मी आयुष्यात पाहिलेला नाही. माझ्या जागेवर कोणीतरी बसला असणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

व्यायाम शिकवायला नूपुर नावाची फिजिओथेरपिस्ट घरी यायची. तिने सांगितलं होतं, डोळे बांधायचे आणि बोटांवर फिरवलेली वस्तू ओळखायची. बोटांना पुन्हा शाळेत घालायचं म्हणे. भारतीने आपल्या जुन्या साड्यांतून आणि माझ्या जुन्या शर्टांतून तुकडे कापले. सूत, रेशीम, टेरीकॉट. रोज सकाळी ओढणीने माझे डोळे बांधून ती एकेक तुकडा बोटांवर फिरवायची. मी मनाला येईल ते ठोकून द्यायचो.

“सूत.”

“बरोबर जी.”

“रेशीम.”

“हे पण बरोबर!”

मला तर सगळं जाड हातमोजा घालून चाचपल्यासारखं. मग बरोबर कसं येतं? त्यात एकदा स्वयंपाकघरात भारती आणि नूपुरची कुजबुज ऐकली. मी दारात जाताच दोघी गप्प. “कुकर झाला का बघत होतो आम्ही, काका,” नूपुर म्हणाली. गॅसवर कुकरच नव्हता! म्हणजे पाणी मुरत होतं. हात कायमचा गेला आहे, सगळ्यांना माहीत आहे आणि फक्त मला सांगायचं नाही, असं ठरलं असणार. मला रात्रीचं जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी मी सापळा लावला. मनात जे येईल ते सांगायचंच नाही, दुसरंच काहीतरी सांगायचं. बघू काय म्हणते.

ओढणी बांधली. बोटांवरून काहीतरी सरकलं. मनात आलं, सूत. मी ठासून म्हणालो, “रेशीम.”

“बरोबर जी.”

मी ओढणी खस्सकन खाली ओढली. तिच्या हातात पांढऱ्या सुती साडीचा तुकडा होता.

“हे रेशीम हाये? मले येडा समजते काय वं? खोटं काहून बोलून राहिली?”

भारतीचा चेहरा उतरला. ती तुकड्याची घडी घालत बसली.

“सुरुवातीले तुमचं सगळंच चुकून राहिलं होतं जी,” ती म्हणाली. “एकदा चूक म्हटलं तर तुम्ही ताट सरकवून दिलं होतं. मंग मी बरोबरच म्हणत गेली. काल नूपुर त्याच्यासाठीच मले रागावून राहिली होती. म्हणे, काकू, खरं सांगा त्यायले.”

“मंग सांगायचं होतं ना! मी मुद्दाम उलटं बोललो, तेव्हा सापडली तू. मले चांगलं माहीत होतं का हे सूत...”

जीभ तिथेच अडली. भारतीने मान वर केली.

“कसं माहीत होतं तुमाले?”

मी तुकड्याकडे बघितलं, मग बोटांकडे. पण दुधाने तोंड पोळलेला मी, ताक फुंकल्याशिवाय कसा पिणार?

“तुक्का लागला असन,” मी म्हणालो. “पुन्हा बांध. अन् आता खोटं बोलली तर माहीत हाये!”

तिने ओढणी बांधली. या वेळी गाठ जरा घट्टच मारली. बोटांवर काहीतरी आलं. खरखर नव्हे, पण कुठेतरी लांबून अडखळल्यासारखं.

“सूत.”

“बरोबर.”

माझा विश्वास बसला नाही. बाईला सवयच लागली आहे.

पुढचा तुकडा बोटांवरून घसरत गेला. “रेशीम.”

“बरोबर,” ती म्हणाली. तिचा आवाज कापला. दया आली असेल, दुसरं काय? मला ओढणी फाडून फेकावीशी वाटली.

तिसरा तुकडा आला. मी बराच वेळ चोळला. “सूतच हाये.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

“चूक जी,” भारती म्हणाली. “टेरीकॉट हाये.”

मी हसलो. ओढणीच्या आत डोळे भरून आले आणि मी येड्यासारखा हसत सुटलो. चूक म्हणाली! म्हणजे आधीची दोन्ही बरोबर खरी होती.

“रागावले काय जी?” तिने घाबरत विचारलं.

“नाही वं,” मी हात पुढे केला. “आणखी एक दे.”