नऊशे पावलं

“तोंड उघडलंस तर याद राख! आहे ती जागासुद्धा घालवशील तिची.”

बाबा हे खुर्चीत बसून म्हणाले. बाबा सगळंच बसून म्हणतात.

“चांगली जागा तर घालवलीच आहे मी,” मी म्हटलं. “आता अजून काय घालवायचं राहिलंय?”

“आवाज खाली!”

“आधी तुमचा करा.”

आई शेगडीपाशी उभी होती. मागे न बघता म्हणाली, “ओरडा दोघंही. वरच्या मजल्यावर अजून नीट ऐकू गेलं नसेल.”

जमिनीवर दूध सांडलं होतं. पातेलं भरून उचलताना तिचा उजवा हात अर्ध्यातच थांबला आणि पातेलं सुटलं. म्हणून मी म्हटलं की आज लाँड्रीतल्या नर्सकडे जातो आणि सगळं सांगून टाकतो. म्हणून बाबा भडकले. दूध तसंच पसरत होतं. पुसलं शेवटी आईनंच, डाव्या हातानं.

झालं काय ते सांगतो.

आई मोठ्या लाँड्रीत काम करते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथं धुवायला येतात. बायका रोलरवर आणि पुरुष मशीनवर, अशी तिथली वाटणी आहे. रोलर म्हणजे इस्त्रीचं लांबलचक गरम लाटणं. दोघी जणी ओली चादर दोन टोकांना धरतात, वर उचलून एक झटका देतात आणि रोलरच्या तोंडात घालतात. झटका नीट बसला नाही तर चादरीला घडी पडते आणि चादर परत येते. दिवसाला हजार-बाराशे चादरी होतात. आई हे चौदा वर्षं करतेय, एकाच फरशीवर उभं राहून. मशीनवरचे पुरुष कपडे आत ढकलतात, बटण दाबतात आणि मशीन फिरत असेपर्यंत बाकड्यावर बसतात. लाँड्रीच्या कागदावर त्यांच्या कामाला ‘जड’ म्हणतात आणि आईच्या कामाला ‘हलकं’. मी एकदा आईला विचारलं होतं, हे कुणी ठरवलं? ती म्हणाली, “मी लागले त्याच्या आधीपासून ठरलेलंय.”

तिच्या कामाच्या झग्याची उजवी बाही उसवून रुंद केलेली आहे. डाव्या बाहीला हात लावावा लागला नाही. मला हे लहानपणी विचित्र वाटायचं नाही. सगळ्यांच्या आया अशाच असतील असं वाटायचं.

आता वर्षभर खांदा धरलाय, तो हात कानाच्या वर जात नाही. स्वतःची वेणीसुद्धा तिला घालता येत नाही. मी घालतो. सुरुवातीला लाज वाटायची, आता दोन मिनिटांत होते. मी नववीतच शाळा सोडली. पायाला भिंगरी आहे म्हणतात माझ्या, एका बाकावर तासभर बसणं जमलंच नाही कधी. तेव्हा बाबा म्हणाले होते की हा काय दिवे लावणार? निदान वेणी घालायला तरी शिकलो.

तर लाँड्रीत फाटक्या चादरी शिवायचं नवीन टेबल सुरू होणार होतं. टेबलाला एकच खुर्ची, आणि रोलरवरच्या बायकांमधून एक जण निवडायची होती. कोणाला बसवायचं ते आरोग्य तपासणीनंतर ठरणार, अशी चिठ्ठी दारावर लागली. त्या दिवसापासून आईच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. म्हणजे ती बोलायची नाही, पण पोळपाटावर काही लाटताना मध्येच थांबून हसायची. मी विचारलं की म्हणायची, “काही नाही रे. बसून कसं वाटेल ते बघत होते.”

“निवडणुकीला उभी राहा,” मी म्हटलं. “खुर्चीसाठी लोक तेच करतात.”

“उभंच तर राहायचं नाहीये,” ती म्हणाली.

तपासणी रविवारी होती आणि घरच्यांनाही फुकट होती. फुकट म्हटल्यावर बाबाही आले. नर्स तरुण होती, बोलायला गोड. आधी तिनं फॉर्म भरून घेतला. फॉर्मवर व्यायामाचे चार चौकोन होते. चालणं, पळणं, खेळ, जिम.

“व्यायाम काय करता?” तिनं आईला विचारलं.

“काही नाही.”

नर्सनं चारही चौकोनांवर रेघ मारली. पाणी चौथ्या मजल्यावर कोण चढवतं हे विचारायला पाचवा चौकोन नव्हता.

बाबांना विचारलं तर म्हणाले, “तरुणपणी व्हॉलीबॉल खेळायचो.” तिनं खेळावर बरोबरची खूण केली.

मग एका मशीनवर अनवाणी उभं राहायचं आणि दोन दांड्या हातात धरायच्या. मशीन अंगातली चरबी किती, मांस किती, ते वेगवेगळं मोजतं आणि चिठ्ठी देतं. बाबा बस स्थानकाच्या तिकीट खिडकीत बावीस वर्षं बसलेत. मशीननं त्यांच्या शरीराचं वय एकसष्ट सांगितलं. बाबा अठ्ठेचाळीसचे आहेत. “मशीन बिघडलंय,” ते म्हणाले. नर्स म्हणाली, रोज अर्धा तास चाला. बाबा म्हणाले, “दिवसभर दमून आल्यावर?”

आईची चिठ्ठी नर्सनं दोनदा वाचली. “तुमचा उजवा हात डाव्यापेक्षा अर्धा किलो जड आहे,” ती म्हणाली. “एवढा हात धुण्याच्या मशीनवरच्या माणसांचा येतो. पाय मात्र सुजलेत.”

“म्हणूनच मी घरात जपून असतो,” बाबा म्हणाले. सगळे हसले. आईही हसली.

शेवटी प्रत्येकाच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधला. आठवडाभर काढायचा नाही म्हणे. पण रोलरवर हातात काही घालायला बंदी आहे. बांगडी नाही, घड्याळ नाही. पूर्वी एकीचा हात आत गेला होता तेव्हापासूनचा नियम. नर्सला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, मग खिशात ठेवा.

तिसऱ्या दिवशी नर्सनं मधल्या सुट्टीत आईचा पट्टा बघितला. आदल्या शिफ्टची नऊशे पावलं. नर्स म्हणाली, “अहो, तुम्ही तर बसूनच असता की!”

आईनं घरी येऊन हे सांगितलं. रागानं वगैरे नाही, आज पाव मिळाला नाही असं सांगावं तसं.

बाबा म्हणाले, “मशीन खोटं बोलत नाही.”

“रविवारी बिघडलं होतं ना?” मी म्हटलं.

माझं डोकं फिरलं होतं. हजार चादरी उचलून झटकल्या त्याचं काय? ते मोजायचं नाही, कारण पाय हलले नाहीत. त्यांचा मुकादम हात मागे बांधून इकडून तिकडे नुसता फिरतो. त्याची आठ हजार भरली होती, म्हणजे तोच सगळ्यात कामाचा. मी खुंटीवरून आईचा पट्टा काढला आणि स्वतःच्या हातात बांधला.

“हे काय करतोस?”

“तुझी पावलं टाकून आणतो.”

“नको रे.”

“नऊशेवर तुला खुर्ची देतील? काम करते असं दिसायला नको?”

तिनं माझ्या मनगटावरचा पट्टा नीट अडकवला. मग म्हणाली, “हरवू नकोस फक्त. त्यावर नंबर आहे.” तिलाही तेच वाटलं जे मला वाटलं. जास्त राबलेलं दिसलं की कुणीतरी बस म्हणेल.

पुढचे चार दिवस मी चाललो. ती कामावर गेली की मीही निघायचो. बाजाराला सहा फेऱ्या घालायचो, नदीवरच्या पुलावरून पलीकडे जाऊन परत यायचो, पाण्याच्या टाकीच्या एकशे बारा पायऱ्या चढायचो-उतरायचो. टाकीवरचा पंपवाला ओरडला, “काय रे, परीक्षेत नापास झालास काय? उडी मारायला नाही ना चढत?” मी म्हटलं, परीक्षेला बसलोच नाही. संध्याकाळी पट्ट्यावर आकडा बघायचा आणि आईला दाखवायचा. एकवीस हजार. तेवीस हजार. शेवटच्या दिवशी चोवीस हजार तीनशे. तिनं त्या दिवशी माझ्या पायांना तेल लावून दिलं, डाव्या हातानं. म्हणाली, “माझेच पाय आहेत ना या आठवड्यात.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. सोमवारी निकाल लागला. आईला सगळ्यांसमोर बोलावलं, टाळ्या वाजवल्या, आणि पाणी प्यायची हिरवी बाटली बक्षीस दिली. सगळ्यात जास्त हालचाल असलेली कर्मचारी. नर्स म्हणाली, “पहिले काही दिवस पट्टा नीट ठेवला नसणार, ते मी धरले नाहीत. बायकांनी यांचा आदर्श घ्यावा. घर सांभाळून हे करतात.” मशीनवरच्या एकानं विचारलं, “काकू, शर्यतीला कधी जाताय?”

खुर्ची चष्मेवाल्या काकूंना मिळाली. आईच्याच रोलरवर त्या दुसरं टोक धरायच्या. त्यांची पावलं साडेआठशे होती.

आईनं नंतर नर्सला विचारलं, माझ्या खांद्याचं लिहिलं होतं ना? नर्सनं कागद दाखवला. खांद्याचं लिहिलेलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘हालचाल उत्तम. सध्याच्याच जागी योग्य.’ नर्स तिला समजावत होती, “अहो, रोज वीस हजार पावलं झेपणाऱ्याला खुर्ची कशाला? ज्यांना चालवत नाही, हलवत नाही, त्यांना बसवायचं असं होतं ते. तुम्ही बसलात तर उलट बिघडाल.”

म्हणजे ती नऊशे पावलं तशीच राहू दिली असती तर झालं असतं.

आईनं तिथं काही सांगितलं नाही. घरी येऊन बाटली फडताळात ठेवली आणि म्हणाली, “खुर्ची काकूंना मिळाली. बरं झालं, त्यांचे गुडघे गेलेत.” कागदाचं मला दोन दिवसांनी कळलं. मी शर्ट घालून निघालो तेव्हा बाबांनी खुर्चीतूनच मला अडवलं. खोटा पट्टा दिला हे कळलं तर कामावरून काढतील, हे त्यांचं म्हणणं. ते चूक आहे असंही नाही. मी थांबलो.

पण मुकादमानं गेल्या आठवड्यात तिला मोठ्या रोलरवर टाकलं. तिथं डबल पलंगाच्या चादरी असतात, ओल्या असताना दोन-दोन किलोच्या. तो म्हणाला, “तुम्ही तर फिट आहात, कागदावरच आहे.” आणि आज सकाळी दुधाचं पातेलं सुटलं.

तर भांडण तिथंच होतं. बाबा म्हणत होते, “दोघांच्या पगारात भागत नाही, एकाच्यात भागवशील? तू कमावतोस काय?”

“तिच्या जागी मी उभा राहतो.”

“रोलरवर पुरुषांना घेत नाहीत,” आई म्हणाली. “तुला मशीनवर घेतील. बटण दाबायला.” तिनं फडकं पिळलं. एका हातानं पिळलं त्यामुळे पाणी पुरतं निघालं नाही. मग ती स्टूल ओढून माझ्यापुढे पाठमोरी बसली. “वेणी घाल. उशीर होतोय.”

मी वेणी घालायला लागलो. बाबा पुटपुटत होते. आईचे केस माझ्या हातात होते आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत बोलली, “नर्स किती वाजता येते?”

“गुरुवारी आठला. दहापर्यंत असते.”

“आज गुरुवारच आहे.”

बाबा म्हणाले, “आता तूही?”

“मी काकूंची खुर्ची मागायला जात नाहीये,” ती म्हणाली. “मला माझा कागद बदलून हवाय. त्यावर माझं काही नाही. हात तेवढा माझा आहे.”

“आणि काढलं तर?”

“तर काढलं. नाहीतर पुढच्या महिन्यात हा हातच मला काढेल.”

बाबा उठले. खरंच उठले, फडताळापर्यंत गेले, ती हिरवी बाटली काढली, धुतली, पाण्यानं भरली आणि तिच्या पिशवीत ठेवली. मग परत जाऊन बसले.

“घट्ट बांध,” आई मला म्हणाली. “दिवसभर सुटायला नको.”

मी घट्ट बांधली. तिनं पिशवी डाव्या खांद्याला लावली. जिन्यापाशी मी म्हटलं, रिक्षा करू या. ती म्हणाली, “बावीस हजार झेपतात ना तुला? मग पायीच चल.” आणि कठड्याला धरून उतरायला लागली.

मी चपला शोधायला मागे आलो. एक पलंगाखाली होती. बाबा खिडकीतून खाली बघतायत आणि मला म्हणतायत की नीट बोल, उर्मटपणा करू नकोस, नर्सला ताई म्हण. बरं म्हटलं. नऊ वाजायला आलेत. आई खाली उभी आहे. निघतो.