ओरेस्टच्या डोक्यावरचा मी

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. स्कूटरवर घालतात ते नव्हे. माझ्या तोंडाला लोखंडी जाळी आहे आणि कपाळावर बोटभर लांब तडा आहे. तरीही मी ताठ मानेने बोलणार, कारण मी ओरेस्ट मेल्निकच्या डोक्यावर होतो.

ओरेस्ट कॅनडातल्या सास्कॅचवानच्या, गव्हाच्या मुलखातला. आमच्याकडे फुटबॉल पायाने कमी आणि हातानेच जास्त खेळतात. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. एक गडी तो दूर फेकतो आणि रिसीव्हरने पळत जाऊन तो झेलायचा, मग अंगावर कितीही धिप्पाड माणसे येवोत. ओरेस्ट असा रिसीव्हर होता. कॅनडाच्या खेळात रिसीव्हरला डाव सुरू होण्याआधीच धाव घेता येते. ओरेस्टने धाव घेतली, की वारा माझ्या कानांच्या भोकांतून शीळ घालू लागे.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा मी कोणाचाच नव्हतो. ओरेस्टने मला पहिल्यांदा डोक्यावर चढवले, दोन्ही हातांनी थोपटले आणि म्हणाला, "चल, दाखवूया यांना."

दाखवायचे होते ट्रेव्हॉनला. तो टेक्सासहून आलेला दुसरा रिसीव्हर, जिभेचा तिखट. पहिल्याच सरावाला त्याने सगळ्यांसमोर टोमणा मारला, "संघात काही गडी कॅनडाचे लागतात, नियमच आहे. म्हणून घेतलंय तुला. कोट्यातला गडी!"

"असेन कोट्यातला," ओरेस्ट म्हणाला, "पण आधी हात बघ माझे."

पुढचा चेंडू फारच उंच आला होता. ओरेस्टने हवेत उडी घेऊन तो एका हाताने खेचला आणि तसाच गवतावर लोळला. माझ्या जाळीत माती भरली. ट्रेव्हॉन कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"अरे बापरे! शेतावर काय कोंबड्या पकडायचास का रे?"

"बदकं," ओरेस्ट म्हणाला. "कोंबड्या सोप्या असतात."

त्या रविवारी ट्रेव्हॉन ओरेस्टच्या घरी जेवायला होता. ओरेस्टच्या आईने त्याच्या ताटात बटाट्याच्या सारणाच्या पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, वाढल्या, त्यावर परतलेला कांदा आणि आंबट साय घातली. "खा रे बाळा! टेक्सासात उपाशी ठेवतात की काय तुला?" असे म्हणत ती वाढतच राहिली. तेव्हापासून दोघे सख्ख्या भावांसारखे भांडू लागले.

मग आमचे दिवस आले. प्रेक्षक उभे राहून ओरेस्टचे नाव घेत आणि मला वाटे, ते माझेच आहे.

नोव्हेंबरमध्ये कपसाठीचा उपांत्य सामना होता. मैदान गोठून दगड झाले होते. आम्ही थोडेसे मागे होतो आणि वेळ संपत आली होती. ओरेस्टने मधोमध चेंडू झेलला. त्याच क्षणी एक गडी बाजूने येऊन त्याच्यावर आदळला आणि आम्ही दोघे जमिनीवर आपटलो. कड्डकन आवाज झाला. तो माझा होता. चेंडू मात्र ओरेस्टने सोडला नाही. मैदान दणाणून गेले.

ओरेस्ट उठला, चालत गेला आणि पुढच्या डावाची मसलत करणाऱ्या गड्यांच्या कोंडाळ्यात जाऊन उभा राहिला.

ट्रेव्हॉनने धावत येऊन त्याचा दंड धरला. "अरे, आपली माणसं तिकडं आहेत! हे समोरचे!"

"ठीक आहे मी."

"डोंबल ठीक! त्यांच्यात उभा राहून त्यांचाच डाव ऐकत होतास तू."

मैदानाच्या कडेला थॉरबर्न कोच वाट बघत होते. त्यांनी माझा तडा पाहिला, लगेच दुसरे हेल्मेट मागवले आणि ओरेस्टच्या हातात दिले. "हे घाल आणि पळ. एकच झेल हवाय, ओरेस्ट. तो तुझाच आहे."

ओरेस्टने मला काढले होते. सगळ्या शहराला तो झेल हवा होता. त्यालाही हवा होता, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याने नवे हेल्मेट बाकावर ठेवले.

"कोच, आपण कुठल्या गावात खेळतोय तेच मला आठवत नाहीये."

कोचनी स्वतःचा कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि डॉक्टरला हाक मारली.

शेवटचा चेंडू ट्रेव्हॉनकडे गेला. तो त्याच्या बोटांना लागून सुटला. आम्ही हरलो.

तो हिवाळा ओरेस्टने आईच्या घरी, पडदे ओढलेल्या खोलीत काढला. मेंदूला हादरा बसल्यामुळे त्याला उजेड सोसत नव्हता. बरे वाटू लागल्यावर तो डोनटच्या दुकानात गेला, तर एक जण म्हणालाच, "काय रे, डोकं दुखलं म्हणून बसलास आणि कप घालवलास?"

"हो," ओरेस्ट म्हणाला. "आणि तेच डोकं शाबूत ठेवून तुझ्याशी बोलायला आलोय."

जूनमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, पण नव्या हेल्मेटसह. मी तळघरात, लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्यांशेजारी पडून होतो. त्या वर्षी कप आमच्या संघाने जिंकला. वर रेडिओ ओरडत होता, आई नाचत होती, छतातून धूळ माझ्यावर पडत होती. नव्या हेल्मेटचा मला हेवा वाटला. पण ओरेस्ट खेळतो आहे, याचा आनंद त्याहून मोठा होता.

पुढे खेळ सोडून तो शाळेत शिकवू लागला. तिथल्या संघाचा तो कोच आहे. मला त्याने तळघरातून उचलले, पुसले आणि मैदानाच्या कडेला, खेळाडूंच्या बाकामागे खिळ्याला टांगले. नवीन मुले माझ्या तड्यावरून बोट फिरवतात.

गेल्या शरदात मुलींचा अंतिम सामना होता. डॅनिका नावाची आमची सगळ्यात वेगवान रिसीव्हर जोरात पडली. उठून ती थेट ओरेस्टकडे आली. कोणी विचारण्याआधीच तिने हनुवटीखालचा पट्टा सोडला. "सर, मला सगळं दोन-दोन दिसतंय."

सामना अजून अटीतटीचा होता. कोणी तिला हसले नाही, कोणी थांबवले नाही. ओरेस्टने सरकून तिला बाकावर जागा करून दिली.

मित्रांनो, माझ्यासारखी हेल्मेटे कारखान्यात रोज बनतात. आम्ही तुटलो तरी चालेल, त्यासाठीच तर आम्ही आहोत. पण आमच्या आतल्या डोक्यात काही बिघडले, तर ते बाहेरून आम्हाला दिसत नाही, कोचला दिसत नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांना तर मुळीच दिसत नाही. ते तुम्हालाच सांगावे लागते. तेवढे मात्र मोठ्याने सांगा.