बाधा खाणारं पाणी

काचेच्या बरणीत तांब्याचा पातळ पत्रा विरघळत होता आणि परळच्या आमच्या चाळीतली शंभरेक माणसं मंडळाच्या हॉलमध्ये श्वास रोखून बघत होती. हिरवंगार पाणी हळूहळू काळपट पडलं.

"दिसली बाधा?" हितेंद्रमहाराज गरजले. "सात दिवस तांबं अंगावर होतं. तांब्यानं रोग ओढला, तीर्थानं तांबं खाल्लं. आता डॉक्टर काय खाणार?"

हशा पिकला. महाराजांनी मंत्र पुटपुटत कमंडलू कलता केला. पाणी फेसाळलं आणि पुन्हा पाचूसारखं हिरवं झालं. बायकांनी हात जोडले.

पत्रा दीपिकाचा होता. एकोणीस वर्षांची, क्षयाची पेशंट. तिची आई सुभद्राकाकू माझ्या शेजारी राहतात.

"काकू, गोळ्या चालू आहेत ना तिच्या?" मी विचारलं.

"तीन आठवडे झाले बंद करून. खोकलो कमी झालो गो! महाराजांची कृपा."

खोकला आधीच्या दोन महिन्यांच्या गोळ्यांनी कमी झाला होता. पण मला आणखी एक गोष्ट खटकली. धुपाच्या धुरातून ॲसिडचा ओळखीचा वास येत होता.

मी घरी सर्किट बोर्ड बनवते. तांब्याचा थर असलेल्या पाटीवर मार्करनं रेषा काढायच्या आणि पाटी अशाच हिरव्या, ॲसिडच्या द्रावणात बुडवायची. उघडं तांबं विरघळतं, रेषांखालचं उरतं. महाराज व्हायच्या आधी हाच हितेंद्र दोन वर्षं माझ्याकडे कामाला होता. "काळं पडलं म्हणून गटारात ओतू नकोस, थोडं पेरॉक्साइड घाल, पुन्हा हिरवं होऊन कामाला येतं," हे त्याला मीच शिकवलं होतं. कमंडलूत तेच होतं.

त्याला बाजूला गाठलं. तो म्हणाला, "लोकांना बरं वाटतं, ऋताताई. तुमचं काय जातं?"

"दीपिकाचा जीव जाईल, हितेंद्र."

तो निघून गेला.

पुढच्या गुरुवारी मी माझ्या हिरव्या द्रावणाची बरणी घेऊन हॉलमध्ये उभी राहिले. चिमट्यात कोरा पत्रा धरला. "हा आज दुकानातून आणलाय. कोणाच्याच अंगावर नव्हता." बरणीत सोडला. दहा मिनिटांत पाणी काळवंडलं. "ही बाधा कोणाची?"

"तुझीच! अविश्वासाची!" हितेंद्र ओरडला. लोक हसले.

"मग ती घालवायला मंत्र लागेल ना?"

मी तोंड मिटून पेरॉक्साइड ओतलं. फेस आला, पाणी हिरवं झालं.

"हे मीच शिकवलंय त्याला," मी म्हणाले. ते म्हणताना मान वर करवेना.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "पण माझी कंबर दुखायची थांबली ती?" बरीच माणसं उठून गेली. पटून गेली की रागानं, कळलं नाही. काकू माझ्यावरच चिडल्या. "तुका काय कळता?" मग दीपिका उभी राहिली. "आई, माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यास?" काकूंना रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. उपचार मध्येच सोडले की क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. थुंकी तपासायला दिली आहे. रिपोर्ट अजून यायचा आहे. काकू रोज विचारतात, "काय येयत गो?"

कोणी चमत्कार दाखवला, तर तोच मंत्राशिवाय, कोऱ्या वस्तूवर करून दाखवा म्हणा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.